नेम काळजावर, लागला पोटात

आमच्या घरच्या ग्रुपवर २०२५ च्या मार्चपासून पनीर चाललंय. त्या महिन्यात एका आमदारांनी विधानसभेत नकली पनीर नेऊन दाखवलं, आणि तेव्हापासून कुणी गप्प बसायला तयार नाही. कोथरूडच्या वहिनीने पनीरच्या तुकड्यावर आयोडीनचा थेंब टाकून तो निळा-काळा पडल्याचा व्हिडिओ टाकला. नाशिकच्या मावशीने हॉटेलातलं पनीर सोडलं. दादाने ‘यांना भर चौकात’ अशी सुरुवात असलेला मेसेज टाकला, त्याला एकवीस अंगठे. मग सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाचे कामाचे तास नऊवरून बारापर्यंत न्यायला मंजुरी दिली, तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ तासांवरून १४४ वर नेली. ही बातमी ग्रुपवर आली ती चाकणच्या चुलतभावाकडून, कारण त्याचं स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे. तिला एक अंगठा आला. त्याच्याच बायकोचा.

मी चौदा वर्षं शिकागोजवळ राहते. ग्रुपवर माझं काम ठरलेलं आहे: ‘तुमचं बरंय बाई, तिकडे भेसळ नसते’ असं कुणी लिहिलं की एक हसरा चेहरा पाठवायचा. वादात पडत नाही. पडलं की ‘तू तिकडे बसून’ सुरू होतं, आणि ते सगळंच खोटं नसतं.

या वेळी मात्र माझी लेक शाळेतून एक कागद घेऊन आली. अकरावीचा अमेरिकन इतिहास. कागदावर एका कादंबरीतला दीड पानाचा उतारा आणि खाली तीन प्रश्न. उतारा सॉसेजचा: गोदामात मांसाचे ढीग, त्यांवर छतातून गळणारं पाणी, उंदरांचा सुळसुळाट, उंदीर मरावेत म्हणून विष घातलेला पाव ठेवतात आणि मग उंदीर, पाव आणि मांस सगळं एकदमच यंत्रात जातं. प्रश्न : या कादंबरीमुळे कोणता कायदा झाला? लेकीने उत्तर लिहिलं, बरोबर लिहिलं, आणि रात्री चिकन खाल्लं नाही.

कादंबरी म्हणजे अप्टन सिंक्लेअरची ‘द जंगल’, १९०६ ची. मी ती लायब्ररीतून आणून आख्खी वाचली. एकतीस प्रकरणं. त्यात मांसात काय काय मिसळतात याची पानं इतकी थोडी आहेत की मी मागे जाऊन पुन्हा शोधली. बाकीचं पुस्तक माणसांचं आहे. लिथुआनियाहून आलेलं एक कुटुंब, धट्टाकट्टा युर्गिस, त्याची नाजूक बायको ओना, तिची सावत्र आई आणि तिची पोरं, युर्गिसचा म्हातारा बाप. पहिलं प्रकरण लग्नाचं. जेवण, फिडल, नाच, आणि ओनाच्या मनात सतत चाललेला खर्चाचा हिशेब. हे प्रकरण कुठल्याही मराठी माणसाला ओळखीचं वाटेल. ज्याच्या घरी कर्ज काढून लग्न झालंय त्याला तर फारच.

पुढे एकेक गोष्ट सुटत जाते. घर विकत घेतात, महिना बारा डॉलर हप्ता. काही महिन्यांनी शेजारच्या आजीबाई सांगतात की वर सात डॉलर व्याजही आहे, करारात लिहिलंय, तुम्हाला वाचता आलं नाही. म्हाताऱ्याला कुणी काम देत नाही. शेवटी एकजण देतो, पण पगाराचा तिसरा हिस्सा त्याला द्यायचा या बोलीवर. मांस खारवायच्या खोलीत उभं राहून म्हाताऱ्याचे बूट सडतात, मग पाय. त्याच खोलीतल्या माणसांची बोटं ॲसिडने सांध्यासांध्यातून खाल्लेली. खाटकांपैकी धड अंगठा असलेला माणूस सापडणं मुश्कील. ओनावर मुकादम जबरदस्ती करतो. ती दुसऱ्या बाळंतपणात जाते, दाई पुरेशा पैशांवाचून येत नव्हती. पहिला मुलगा घरासमोरच्या रस्त्यावर साचलेल्या पाण्यात बुडून मरतो. रस्त्यावर. यातलं काहीच लेकीच्या कागदावर नव्हतं.

पुस्तक कसं आलं ती गोष्ट पुस्तकाइतकीच सांगण्यासारखी आहे. १९०४ च्या उन्हाळ्यात शिकागोच्या कत्तलखान्यांतल्या कामगारांचा संप मोडला. कॅन्ससमधल्या गिरार्ड नावाच्या लहानशा गावातून ‘अपील टु रीझन’ नावाचं एक समाजवादी साप्ताहिक निघायचं, लाखोंनी खपायचं. त्याचा संपादक फ्रेड वॉरन. सिंक्लेअरने नुकतीच अमेरिकेतल्या यादवी युद्धावर कादंबरी लिहिली होती. वॉरनने त्याला म्हटलं, काळ्या गुलामांवर लिहिलंस, आता मजुरीच्या गुलामांवर लिही; आणि पाचशे डॉलर आगाऊ दिले. सव्वीस वर्षांचा सिंक्लेअर शिकागोला सात आठवडे राहिला. त्याने शोधून काढलं की मळके कपडे घालून हातात जेवणाचा डबा धरला की कुठल्याही खात्यात बिनदिक्कत शिरता येतं, कुणी हटकत नाही. एका रविवारी त्याला रस्त्यात लग्नाची वरात दिसली, तो मागोमाग हॉलमध्ये गेला आणि रात्रीपर्यंत भिंतीला टेकून बसला. ते त्याचं पहिलं प्रकरण. मग न्यू जर्सीतल्या आपल्या खोपटात परत येऊन १९०४ च्या नाताळच्या दिवशी त्याने लिहायला घेतलं. घरात थंडी, कर्ज, आजारी बायको, लहान मूल. वरवर ही कत्तलखान्यातल्या कुटुंबाची गोष्ट असली तरी आतून माझ्याच घरची होती, असं त्याने पुढे लिहिलंय.

२५ फेब्रुवारी १९०५ पासून साप्ताहिकात ती क्रमशः येऊ लागली, तीही लिहिता लिहिताच. पुस्तक काढायचं ठरलं तेव्हा घोळ सुरू झाला. मॅकमिलन या प्रकाशनाने आधीच पाचशे डॉलर दिले होते. आता ते म्हणाले, रक्तामांसाचं वर्णन काढा. याने नाही म्हटलं. एकूण पाच प्रकाशकांनी नकार दिला. मग कादंबरीकार जॅक लंडनने साप्ताहिकातून आवाहन केलं, गुलामगिरीवर जशी ‘अंकल टॉम्स केबिन’ ही कादंबरी, तशी ही मजुरीच्या गुलामीची, आधी पैसे पाठवा आणि छापून घ्या. वाचकांनी पाठवले. लेखकाने स्वतःच छपाईला घातलं, आणि एवढ्यात डबलडे, पेज या प्रकाशनाला रस वाटला. पण त्यांनी आधी आपला वकील शिकागोला पाठवून यात खरं किती ते तपासलं, मगच फेब्रुवारी १९०६ मध्ये पुस्तक काढलं. मालिकेतली छत्तीस प्रकरणं पुस्तकात एकतीस झाली. प्रकाशकाने मजकुराची सत्यता तपासायला वकील धाडावा, ही गोष्ट मला कायद्यापेक्षाही नवलाची वाटली. आपल्याकडे प्रकाशक प्रूफं तपासतो हेच पुष्कळ.

राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टला समाजवादी लोक आवडत नसत, सिंक्लेअर तर मुळीच नाही. तरी त्याने चार्ल्स नील आणि जेम्स रेनल्ड्स या दोघांना शिकागोला पाठवलं. त्यांचा अहवाल जूनच्या सुरुवातीला जाहीर झाला आणि कादंबरीतलं बरंचसं खरं निघालं. चरबीच्या कढईत माणसं पडून तीही डब्यात जातात, एवढ्या एका गोष्टीला दुजोरा मिळाला नाही. ३० जून १९०६ ला रूझवेल्टने मांस तपासणीचा आणि शुद्ध अन्न-औषधांचा असे दोन्ही कायदे सही करून टाकले. पुस्तक आल्यापासून चार महिने.

कायदा करताना काय गळलं तेही बघायला हवं. सिनेटर बेव्हरिजचं म्हणणं होतं की तपासणीचा खर्च मांस कंपन्यांनी द्यावा आणि डब्यावर तारीख छापावी. दोन्ही गेलं. खर्च सरकारने उचलला, वर्षाला तीस लाख डॉलर. परदेशात अमेरिकन मांसाची पत घसरली होती, आता सरकारी शिक्का फुकटात मिळाला. मोठ्या कंपन्यांना याहून काय हवं होतं!

आणि कामगार? त्यांच्यासाठी एक ओळ नाही. सिंक्लेअरने त्याच वर्षी ऑक्टोबरात एका मासिकात लिहिलं ते वाक्य इथे सगळ्यांना पाठ असतं. मी लोकांच्या काळजावर नेम धरला आणि चुकून तो त्यांच्या पोटात लागला.

‘चुकून’ हा शब्द मला पटत नाही. चूक एकदाच होते. त्याच्या आदल्याच वर्षी, एप्रिल १९०५ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कच्या एका बेकरीवाल्याचा खटला निकाली काढला. राज्याचा कायदा होता की बेकरीत कामगाराला दिवसाला दहा आणि आठवड्याला साठ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही. न्यायालयाने पाचास चार मतांनी तो रद्द केला. मालक आणि कामगाराने आपसात काय ठरवावं यात सरकारने पडू नये म्हणे. पण गंमत अशी की त्याच कायद्यात बेकरी स्वच्छ ठेवण्याचीही कलमं होती, मोऱ्या कशा असाव्यात, भिंतींना सफेदी कधी द्यावी वगैरे. त्यांना हात लावला नाही. निकालात सरळ लिहिलंय की पाव स्वच्छ असणं हे भट्टीवाला दहा तास काम करतो की जास्त, यावर अवलंबून नाही. म्हणजे पाव स्वच्छ हवा, त्यासाठी सरकार आत आलेलं चालेल. पाव करणारा झोपला की नाही, हा त्याचा आणि मालकाचा खाजगी मामला. अमेरिकेत कामाच्या तासांचा देशव्यापी कायदा यायला १९३८ साल उजाडलं. पोटाला चार महिने, काळजाला बत्तीस वर्षं.

आपल्याकडचं गणित निराळं आहे असं म्हणायला मला आवडलं असतं. एका बाबतीत ते होतंही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांना गोळा करून १८९० मध्ये, म्हणजे ‘द जंगल’च्या सोळा वर्षं आधी, मुंबईत रविवारची सुट्टी मिळवली. तो लढा माणसाच्या पाठीचा होता, कुणाच्या ताटाचा नव्हता. अन्नसुरक्षेचा आपला नवा कायदा आला तो २००६ मध्ये, अमेरिकेच्या बरोबर शंभर वर्षांनी. म्हणजे आपण उलट्या टोकाने सुरुवात केली होती. आणि आता ग्रुपवर पनीरला दीडशे मेसेज, बारा तासांना एक अंगठा.

चुलतभावाची बाजू मी ऐकून घेतली, फोनवर, तासभर. तो म्हणतो, कामगारालाच ओव्हरटाइम हवा असतो, त्याची लेखी संमती घ्यावी लागणार आहे, आणि ऑर्डर चीनला जाण्यापेक्षा बारा तास बरे. त्याच्या वर्कशॉपमध्ये अकरा माणसं आहेत, त्यांची नावं, गावं, पोरांच्या शाळा त्याला ठाऊक आहेत. तो वाईट मालक नाही. पण संमतीचा मुद्दा आला तेव्हा मला तो पगाराचा तिसरा हिस्सा देणारा म्हातारा आठवला. त्यानेही संमती दिली होती.

माझं माहेर कोपरगाव तालुक्यातलं. बापाचा चार एकर ऊस. दिवाळी झाली की बीडकडून, पाटोद्याच्या बाजूने ऊसतोडीची टोळी यायची, ओढ्याच्या काठाला कोप्या पडायच्या. नवरा-बायको मिळून एक कोयता, दोघांची मिळून एक उचल, मुकादमाच्या हातून. माझ्याच वयाची एक मुलगी असायची, कडेवर भाऊ. तिची आई पहाट झाली की उसाच्या फडाकडे, बाप पुढे. दुपारी ती पोरगी आमच्या गोठ्याशी वाढ्याची, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांची, पेंढी टाकायची आणि माझी आई तिला म्हशीचं ताक द्यायची. ताक चांगलं असायचं. ती शाळेत का नाही, हे मी विचारलं नाही, आईनेही नाही. आमच्या घरात कुणाला त्यांच्याबद्दल वाईट वाटत नव्हतं असं नाही. त्यांच्याबद्दल काही वाटायची सवयच नव्हती.

एक दिवस कामावर आलं नाही की खाडा, उचलीतून पैसे कापायचे. पाळीच्या दिवसांतही खाडा, गरोदरपणातही. म्हणून ‘पिशवी काढून टाकलेली बरी’. पंचविशी-तिशीतल्या बायकांच्या तोंडी हे वाक्य इतक्या सहज असतं की ऐकणाऱ्याला दात काढल्यासारखं वाटावं. जून २०१९ मध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. आकडा अख्ख्या जिल्ह्याचा आहे, सगळ्या बायका उसातल्या नव्हेत. चौकशी समिती बसली, चार दिवस पेपरांत आलं. आमच्या ग्रुपवर त्या महिन्यात काय चाललं होतं ते मी मागे जाऊन पाहिलं. पिकवलेले आंबे. कार्बाइडचे. मीही त्यावर लिहिलं होतं, तीन मेसेज.

साखरेत काय मिसळलंय याची भीती असती तर? असं काही निघालं असतं की खाडा लावलेल्या फडातल्या उसाच्या साखरेने मधुमेह लवकर होतो? चार महिन्यांत कायदा झाला असता. हे वाक्य मला लिहायला सोपं गेलं म्हणून त्यावर माझाच विश्वास कमी आहे, पण काढून टाकवत नाही.

आता ‘तिकडचं’. तुमचं बरंय बाई, यात काही अंशी खरं आहे. डेव्हन अव्हेन्यूवर मी बकऱ्याचं मटण घेते त्या दुकानात लटकलेल्या धडावर जांभळ्या शाईचा गोल शिक्का असतो. कत्तल होताना सरकारी निरीक्षक जागेवर हजर असतो, आठवड्यातून एकदा येणारा नव्हे. तो शिक्का म्हणजे १९०६. मी त्याकडे न बघता पैसे देते आणि घरी येऊन रस्सा करते, पोट दुखेल अशी शंका मनात येत नाही. हे लहान सुख नाही, मी ते नाकारणार नाही. आपल्याकडेही असं व्हावं यासाठी वहिनीने अजून शंभर थेंब आयोडीन टाकावं.

पण शिक्क्याच्या अलीकडचं जग फारसं हललेलं नाही. करोनाच्या पहिल्या वर्षात इथल्या पाच सर्वांत मोठ्या मांस कंपन्यांतल्या किमान ५९,००० कामगारांना लागण झाली आणि २६९ मेले, असं संसदेच्या समितीने नंतर मोजलं. एप्रिल २०२० मध्ये कारखाने बंद पडू लागले तेव्हा राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढला की ते चालू राहिले पाहिजेत. त्या आठवड्यांत मी दुकानात कशाची चौकशी करत होते? चिकन एका माणसाला दोनच पाकिटं, की तीन देतील. २०२३ मध्ये कामगार खात्याला आढळलं की रात्रपाळीला कत्तलखाने धुणाऱ्या एका कंत्राटदाराने आठ राज्यांत तेरा ते सतरा वयाची १०२ मुलं लावली होती. हाडं कापायच्या करवती साफ करायला, जळजळीत रसायनांनी. दंड पंधरा लाख डॉलर. युर्गिसच्या जागी आता ग्वाटेमालाची मुलं. मांस मात्र चोख, शिक्का मारलेलं.

तर परदेशातून मला दिसतं ते एवढंच की इकडे नियम कडक आहेत आणि माणसं आपल्यासारखीच आहेत. भेसळीचा राग हा अर्धा आपला असतो, आपल्या मुलाच्या डब्यातला. उरलेल्या अर्ध्यासाठी दुसऱ्याच्या अंगठ्याकडे बघावं लागतं, आणि तिथे इकडचे-तिकडचे सगळेच मान फिरवतात. मीही.

पुस्तकाबद्दल एक सांगायचं राहिलं, कारण आपल्याकडे असल्या पुस्तकाला ‘प्रचारकी’ म्हणून बाजूला ठेवायची पद्धत आहे. ते प्रचारकी आहेच. शेवटची चार प्रकरणं म्हणजे जाहीर सभा, युर्गिस नुसता ऐकत बसतो आणि कादंबरी हातातून निसटते. संप फोडायला आणलेल्या काळ्या कामगारांबद्दल सिंक्लेअरने जे लिहिलंय ते वाचून लाज वाटते. मजुरांच्या कैवाऱ्यालाही सगळे मजूर दिसले नाहीत. तरी त्या लग्नाच्या प्रकरणासाठी आणि त्या घराच्या व्याजासाठी मी पुस्तक कुणाच्याही हातात देईन.

गेल्या रविवारी आम्ही गाडी काढून स्टॉकयार्डला गेलो. १८६५ च्या नाताळला सुरू झालेला हा गुरांचा बाजार १९७१ मध्ये बंद पडला. आता एक्स्चेंज अव्हेन्यूवर चुनखडी दगडाची एक कमान तेवढी उभी आहे, मधल्या कमानीवर बैलाचं दगडी तोंड. मागे अग्निशमन दलाच्या जवानांचं स्मारक, १९१० च्या आगीत इथे त्यांची एकवीस माणसं गेली. स्मारकावर नावं आहेत. कत्तलखान्यातल्या माणसांची कुठे दिसली नाहीत. लेकीने कमानीचा फोटो काढला, मी तो ग्रुपवर टाकला. वहिनीने विचारलं, किल्ला आहे का गं?

संध्याकाळी आत्याला फोन केला. ती अजून कोपरगावलाच आहे, ऊस तिच्या मुलाकडे. पनीर घरीच करते म्हणाली, दूध आपलं असलं की काळजी नाही.

“टोळी आली का यंदा?”

“कशाची टोळी? हार्वेस्टर आला ना. दोन दिवसांत फड मोकळा. वाढं मात्र मिळत नाही बघ, सगळा चुरा होतो.”

“मग ती माणसं कुठे गेली?”

“कोणती?”

“दर वर्षी यायची ती. पाटोद्याकडची.”

“ते काय मला माहीत बाई,” आत्या म्हणाली. “तू असं कर, येताना त्या बदामाच्या दोन पिशव्या आण. इथल्यांना पॉलिश करतात म्हणे.”